गोष्ट कोण सांगतो आणि कोण पाहतो? कथेतील दृष्टिकोनाविषयी सोप्या शब्दांत

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांचे निकाल लागले की परीक्षकांच्या अभिप्रायांत एक वाक्य हटकून आढळते : ‘कथाबीज चांगले आहे, परंतु दृष्टिकोन सांभाळला गेलेला नाही.’ इंदूरमध्ये आमच्या कथावाचनाच्या बैठकींना येणाऱ्या अनेकांनी हा शेरा झेललेला आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांचा समज असा झालेला असतो की परीक्षकांना आपली मते पटलेली नाहीत. कुणाला वाटते, आपण सासूविषयी फार कडक लिहिले. कुणाला वाटते, शेवट पुरेसा पुरोगामी झाला नाही. मग पुढच्या वर्षी ते मते बदलून कथा पाठवतात आणि शेरा मात्र तोच येतो.

कथेच्या संदर्भात दृष्टिकोन म्हणजे मत नव्हे. कथेतील घटना कोणाच्या जागेवरून दिसतात, कोणाच्या कानांनी ऐकू येतात आणि कोणाला ठाऊक असेल तेवढेच वाचकाला कळते, त्या जागेला दृष्टिकोन म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्या आवाजाला निवेदक म्हणतात. हे दोन शब्द समजले की पुरे. या लेखात याहून अधिक परिभाषा लागणार नाही.

झांकी कुठून पाहता, यावर सारे आहे

इंदूरकरांना अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्यांविषयी, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या चालत्या देखाव्यांविषयी, सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या, तरी त्यांच्या नावाने निघणाऱ्या झांक्या आणि त्यांच्यापुढचे आखाडे पाहायला लोक रात्र जागवतात. राजवाड्याच्या आसपास एखाद्याच्या तिसऱ्या मजल्यावरील गच्चीत जागा मिळाली, तर झांक्यांची पूर्ण रांग दिसते, पुढची कुठे अडकली आहे तेही दिसते, पण आखाड्यातल्या पोराच्या कपाळावरचा घाम दिसत नाही. रस्त्यावर गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला समोरचे तेवढेच दिसते. पुढे काय अडले आहे हे त्याला कळत नाही, मात्र ढोलाचा दणका त्याच्या छातीत बसतो. आणि स्वतः झांकीवर देवाचे सोंग घेऊन बसलेल्या मुलाला झांकी दिसतच नाही, त्याला दिसतात ती त्याच्याकडे पाहणारी तोंडे. मिरवणूक एकच असली, तरी सकाळी हे तिघे तिच्याविषयी सांगू लागले तर तीन निराळ्या गोष्टी ऐकायला मिळतील, आणि त्यांतील कोणतीही खोटी नसेल.

कथालेखकाला यांपैकी एक जागा धरावी लागते. गच्चीत उभे राहून घामाचे थेंब मोजू लागला, किंवा गर्दीत उभे राहून मागच्या चौकातील भांडण सांगू लागला, की ऐकणारा विचारतो, तुला हे कसे कळले? छापील कथेत वाचक हा प्रश्न मोठ्याने विचारत नाही, एवढाच फरक.

एकच दुपार, तीन कथा

उदाहरणासाठी एक प्रसंग घेऊ. रामबागेतील एक जुने घर. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. वसुधा नावाच्या सुनेने आठ दिवसांपूर्वी सराफ्यात जाऊन आपल्या पाटल्या मोडल्या आहेत. नवऱ्याच्या धंद्यातील देणे भागवायचे होते, आणि हे घरात कोणालाही, अगदी नवऱ्यालाही, तिने सांगितलेले नाही. आज सवाष्णी जेवायला येणार, सासूबाई माई सर्वांना दागिने घालायला सांगणार. घरात दहा वर्षांचा नंदू आहे, जो त्या दुपारी आईबरोबर सराफ्यात गेला होता.

ही कथा वसुधेच्या जागेवरून सांगितली, तर वाचकाला पहिल्या परिच्छेदातच सारे ठाऊक होते. ‘काय झाले?’ हे कुतूहल संपते आणि त्याच्या जागी ‘आता कधी कळेल?’ ही धाकधूक येते. प्रत्येक हाक, प्रत्येक वाढलेले ताट, माईंचे प्रत्येक साधे वाक्य धोक्याचे वाटू लागते.

तीच दुपार माईंच्या जागेवरून पाहिली तर कथा तपासाची होते. सुनेच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या आहेत, ती पदर मनगटावर ओढून घेते आहे, आणि माईंच्या मनात पहिली शंका येते ती सुनेच्या माहेरविषयी. त्यांचा अंदाज चुकीचा आहे, पण तो चुकीचा आहे हे वाचकालाही ठाऊक नाही. म्हणून शेवटी खरे कळते तेव्हा माईंच्या बरोबरीने वाचकालाही शरम वाटते. वसुधेच्या बाजूने लिहिलेल्या कथेत ही शरम आणताच येणार नाही.

नंदूच्या जागेवरून मात्र गोष्ट आणखी वेगळी होते. त्याला आठवतो तो दुकानातील लहानसा काटा, त्यावर ठेवलेल्या तांबड्या गुंजा, सराफाने आईला ‘बहनजी’ म्हणणे आणि परतताना न मागता मिळालेली रबडी. आई त्या वेळी रबडी का खात नव्हती, हे त्याला कळलेले नाही, वाचकाला कळते. सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला अधिक कळणे, ही गंमत आणि ही वेदना फक्त याच जागेवरून मिळते.

घटना, पात्रे, घर, दिवस, यांतले काहीही बदललेले नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे कथानक तयार आहे, फक्त लिहायचे आहे’ असे कोणी म्हणाले की मला थोडी शंका येते. कोणाच्या जागेवरून, हे ठरलेले नसेल तर कथानक तयार नसते. तयार असते ती फक्त बातमी.

‘मी’ लिहिले की ती आत्मकथा होते का?

आमच्याकडे हा आक्षेप सर्वात आधी येतो, आणि त्याचे कारण साहित्यिक नसून सामाजिक आहे. इंदूरचा मराठी समाज एवढा एकमेकांत गुंतलेला आहे की ‘मी’ असे लिहून एखादी कथा छापून आली, की दुसऱ्या दिवशी फोन येतो : ‘ती काकू म्हणजे लोकमान्य नगरातल्या का हो?’ या धास्तीने कित्येक जण चांगली प्रथमपुरुषी कथा तृतीयपुरुषात बदलून टाकतात आणि तिचा जीव घालवतात.

कथेतला ‘मी’ हे एक पात्रच असते. हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या आपल्या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. ते साप्ताहिक १८९० साली सुरू झाले. त्यात बोलते ती यमू, एक विधवा. लेखक पुरुष, तरुण, संपादक. पण कादंबरीतील ‘मी’ स्त्री आहे आणि तिला जे कळले, जेवढे सोसावे लागले, त्याच्या पलीकडे कादंबरी जात नाही. विधवांच्या स्थितीवर त्या काळी निबंध पुष्कळ लिहिले जात होते. निबंधापेक्षा ही गोष्ट अधिक टोचते, कारण येथे विधवांच्या बाजूने कोणी वकील उभा नाही, यमू स्वतःच बोलते आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर ‘मी’ म्हणून बोलतो, आणि लेखक व तो यांना एकच समजून वाद घालणारे वाचक मला अजूनही भेटतात. ही गफलत लेखकाला त्रासदायक असली, तरी एका अर्थी ती ‘मी’च्या ताकदीची पावती आहे.

‘मी’ कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न. घटनेच्या मध्यभागी असलेलाच माणूस बोलला पाहिजे असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वाडीची गोष्ट बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर सांगतो. वाडीतल्या माणसाला जे इतके सवयीचे झाले आहे की सांगावेसेही वाटणार नाही, ते मास्तराला नवे असते. तो जसजसा वाडी ओळखू लागतो तसतसा वाचकही ओळखू लागतो, आणि माहिती देण्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागत नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी नवोदितांनी अवश्य न्याहाळावी. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, रात्री मित्रांना आठवणी सांगतो आहे. पण ज्याच्या डोळ्यांनी आपण ती घरे, ती आई, तो समुद्राकाठ पाहतो, तो श्याम लहान आहे. आवाज प्रौढाचा आणि डोळे मुलाचे. कोण सांगतो आणि कोण पाहतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, हे फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ साली सिद्धान्ताच्या रूपाने मांडले. आमच्या नंदूच्या कथेतही हा निर्णय घ्यावाच लागेल : नंदू आज दहा वर्षांचा असून बोलतो आहे, की पन्नाशी गाठल्यावर ती दुपार आठवतो आहे? पहिल्या नंदूला ‘धंद्यातील देणे’ हा शब्दप्रयोग सुचणार नाही. दुसऱ्याला सुचेल, पण मग त्याला आज सारे ठाऊक आहे हे वाचकाला कळते आणि तो ते कधी उघड करतो याची वाट पाहणे सुरू होते.

तृतीयपुरुषात तरी सुटका आहे का?

‘तो’, ‘ती’ असे लिहिले की आपण मोकळे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खरी कसोटी येथेच लागते, कारण तृतीयपुरुषी निवेदन दोन अगदी भिन्न प्रकारचे असते. एक सर्वसाक्षी : महालक्ष्मीच्या कहाणीतील निवेदक आठवा. ‘आटपाट नगर होतं’ म्हणून तो सुरुवात करतो, त्याला राजाच्या मनातले कळते, नावडत्या राणीच्या मनातले कळते आणि देवीच्या मनातलेही कळते. दुसरा प्रकार एका पात्राला चिकटून चालणारा : लिहायचे ‘ती’, पण तिला ठाऊक नाही ते सांगायचे नाही. आजची बहुतेक मराठी कथा या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि शेरा मिळतो तो बहुधा याच प्रकारात कहाणीतला निवेदक मध्येच डोकावल्यामुळे.

एका पात्राला चिकटूनही किती जवळ जायचे, हे ठरवावे लागते. पुढील तीन नमुने पाहावेत.

‘भाद्रपदातल्या त्या दुपारी रामबागेतल्या एका घरातली सून सासूसमोर जायचं टाळत होती.’

‘वसुधेला माईंच्या समोर जायची धास्ती वाटत होती. हातातल्या काचेच्या बांगड्या तिला फारच थोड्या वाटू लागल्या.’

‘आता माई हाक मारतील. हात पुढे करावाच लागेल. आपण निदान चार काचेच्या जास्त भरायला हव्या होत्या.’

तिन्ही तृतीयपुरुषी कथेतच बसतात. तिसऱ्या नमुन्यात ‘असं तिला वाटलं’ हे शब्द नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. ते काम ‘आपण’ या शब्दाने केले आहे. ‘मी’ न म्हणता, अवतरणचिन्हे न घालता पात्राच्या मनातले बोलणे सरळ निवेदनात मिसळण्याची ही सोय मराठीत आयतीच उपलब्ध आहे, आणि तिचा उपयोग जितका व्हायला हवा तितका होत नाही असे माझे मत आहे. त्याऐवजी ‘तिला वाटलं’, ‘तिच्या मनात आलं’, ‘तिनं विचार केला’ यांची रांग लागते आणि प्रत्येक वेळी वाचक पात्रापासून एक पाऊल मागे ओढला जातो.

या जवळिकीबरोबर भाषाही बदलली पाहिजे. इंदूरच्या आजीबाईला चिकटून कथा चाललेली असेल, तर निवेदनात ‘सब्जीवाला’, ‘मोहल्ला’ हे शब्द येणे दोष नव्हे, कारण तिच्या डोक्यात तेच शब्द आहेत. पुण्याच्या संपादकाने त्याखाली लाल रेघ ओढली, तरी ते जपावेत. उलट, दुरून सांगणाऱ्या निवेदनात तेच शब्द आले, तर ते कोणाचे आहेत हा प्रश्न उभा राहतो.

‘तू घरात शिरतोस, दिवा लावतोस’ असे द्वितीयपुरुषी निवेदनही असते. छोट्या, तीव्र कथेत ते कधी साधते. दहा पानांवर ते दमवते. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

मराठीचे व्याकरण चुगली करते

दृष्टिकोनावरील जे मार्गदर्शन आपल्याला वाचायला मिळते ते पुष्कळदा इंग्रजीतील कथालेखनाच्या पुस्तकांवरून घेतलेले असते, त्यामुळे मराठीचा स्वतःचा धोका आणि स्वतःची सोय त्यात सापडत नाही. मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे थांबून पाहू.

‘वसुधा देवघरात आली’ आणि ‘वसुधा देवघरात गेली’ ही वाक्ये घ्या. घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात पाहणारा देवघरात बसलेला आहे, दुसऱ्यात तो बाहेर आहे. कथा देवघरात समया पुसत बसलेल्या माईंना चिकटून चाललेली असेल, तर ‘गेली’ या एका क्रियापदाने वाचक भिंतीच्या पलीकडे फेकला जातो. लेखकाच्या ते ध्यानातही येत नाही, कारण बोलताना आपण हे आपोआप बरोबर करतो आणि लिहिताना मात्र कल्पनेतल्या घरात आपण स्वतः कुठे उभे आहोत हे विसरतो. ‘येणे’, ‘जाणे’, ‘आणणे’, ‘नेणे’, ‘इकडे’, ‘तिकडे’ एवढे शब्द पुनर्लेखनात तपासले, तरी निम्म्या चुका हाती लागतात.

दुसरी चुगली आदरार्थी रूपांची. माईंना चिकटून चाललेल्या कथेत ‘वसुधा आली’ असे येईल. वसुधेला चिकटून चाललेल्या कथेत ‘माई आल्या’, ‘त्या म्हणाल्या’ असेच यायला हवे. वसुधेच्या कथेत मध्येच ‘माई आली’ असे आले, तर एक तर लेखकाची जागा सुटली, किंवा वसुधेच्या मनात काहीतरी तुटले. दुसरा अर्थ हवा असेल, तर ही फार मोलाची युक्ती आहे : संबंध कथाभर ‘त्या’ म्हणणारी सून एकाच परिच्छेदात, मनातल्या मनात, ‘ती’वर येते. काही स्पष्टीकरण न देता वाचकाला सारे समजते. नवऱ्याचेही तसेच. जुन्या पिढीतील वसुधा स्वतः सांगत असेल, तर ‘प्रभाकर दुकानातून आला’ असे तिच्या तोंडी येणार नाही. ‘हे दुकानातून आले’ असेच येईल. तिची मुलगी सांगत असेल तर ‘बाबा’, दुकानातला नोकर सांगत असेल तर ‘शेठ’ किंवा ‘भैयाजी’. पात्राला कोणत्या नावाने हाक मारली आहे, एवढ्यावरून कोण पाहतो आहे हे ओळखता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट लिंगाची. प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ लिहिताच सांगणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. काही कथांत ते थोडे लांबवायचे असते. त्यासाठी कसरत करावी लागत नाही : ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’, ‘मी म्हटलं’, ‘मी उद्या जाईन’ या वाक्यांत काहीच कळत नाही, कारण पहिल्या दोन वाक्यांत क्रियापद दाराच्या आणि पत्राच्या लिंगाप्रमाणे चालते, तिसऱ्यात ते सांगणाऱ्याला धरून चालतच नाही आणि भविष्यकाळात लिंगभेद दिसत नाही. ‘म्हणालो’ लिहिले की मात्र गुपित फुटले.

नेमके घसरते कुठे?

आता एक चुकलेला परिच्छेद प्रत्यक्ष पाहू. कथा वसुधेची आहे.

‘वसुधा पुरण वाटत होती. तिच्या टपोऱ्या डोळ्यांत भीती तरळत होती. तिनं पदर मनगटावर ओढून घेतला. माईंच्या ते लक्षात आलं. सुनेनं पाटल्या माहेरी पाठवल्या, असं त्यांना वाटलं. वसुधेला याची कल्पना नव्हती.’

येथे तीन ठिकाणी जागा सुटली आहे. स्वतःचे डोळे टपोरे आहेत आणि त्यांत काही तरळते आहे, हे वसुधेला पुरण वाटताना दिसणार नाही. तिला जाणवतील ती तापलेली कानशिले, हातातून निसटणारा वरवंटा. माईंच्या मनातले तिला कळणे शक्य नाही. आणि ‘तिला कल्पना नव्हती’ हे वाक्य तर ज्याला कल्पना आहे अशा कोणा तिसऱ्यानेच म्हटले पाहिजे. तो तिसरा आतापर्यंत कथेत कुठेच नव्हता.

दुरुस्ती अशी होऊ शकेल :

‘वसुधेनं पदर मनगटावर ओढून घेतला. माईंची नजर क्षणभर तिथंच राहिली, मग पाट्यावर गेली. “यंदा डाळ बरी शिजलीय हो,” माई म्हणाल्या. “तुझ्या आईकडे असंच मऊ करतात ना पुरण?”’

माईंच्या मनातील शंका आता सांगितलेली नाही, ती बोलण्यातून बाहेर आली आहे. आईचा उल्लेख का झाला, हे वसुधेला कळेल न कळेल. वाचकाच्या मनात खडा पडतो. लेखक एका जागेवर टिकून राहिला, म्हणून संवाद सुचला, आणि दृष्टिकोनाच्या शिस्तीचा हाच मोठा लाभ मला वाटतो. आत शिरायला बंदी झाली की माणसाचे हात, नजर आणि बोलणे नीट पाहावे लागते.

‘पण मोठे लेखक तर नियम मोडतात’

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे सर्वात चांगले उत्तर अशा माणसाने दिले आहे ज्याचा इंदूरच्या शेजाराशी संबंध होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली येथून जेमतेम ४० किलोमीटरवरील देवासला, थोरल्या पातीचे (शाखेचे) महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून राहिले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी लबक यांचे कादंबरीच्या कारागिरीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले, ज्यात कथनपद्धतीचा अवघा प्रश्न दृष्टिकोनाच्या निवडीवर अवलंबून असतो असे मांडले होते. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिज येथील व्याख्यानांत या मताला हरकत घेतली. लेखक वाचकाला आपले म्हणणे स्वीकारायला कितपत भाग पाडू शकतो, यावर सारे ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये दृष्टिकोन बेधडक बदलत राहतो आणि वाचकाला त्याचे काही वाटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. प्रत्यक्ष आयुष्यातही आपल्याला दुसऱ्याच्या मनातले कधी कळते, कधी अजिबात कळत नाही; मग कादंबरीत हा चढउतार का नसावा, असे त्यांचे म्हणणे.

मला फॉर्स्टर यांचे म्हणणे पटते, पण त्याचा आधार घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. डिकन्स जागा बदलतो तेव्हा त्याला ती बदलायची असते. परीक्षकाच्या शेऱ्याला पात्र ठरणाऱ्या कथेत जागा बदललेली नसते, सुटलेली असते. मराठीतील अनेक-निवेदकी कादंबऱ्याही हेच सांगतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतः बोलतात, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचीही निवेदने आहेत. तेथे प्रत्येक वेळी वाचकाला स्पष्ट कळते की आता कोण बोलू लागले. एकाने लपवलेले दुसऱ्याच्या तोंडून बाहेर यावे, यासाठीच ती रचना आहे.

‘सामान्य वाचकाला हे कळते तरी का?’

या नावाने कळत नाही. तो एवढेच म्हणतो की ‘कथा काही पकड घेत नाही’, किंवा ‘पात्रं जवळची वाटली नाहीत’. कारण शोधण्याचे काम लेखकाचे. सिनेमाचा आणि मालिकांचा दाखला देणारेही असतात : कॅमेरा हवा तिथे जातो, मग लेखणीने का जाऊ नये? कॅमेऱ्याला जाता येते ते फक्त बाहेर. त्याला मनात शिरता येत नाही, म्हणून मालिकेत प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने जवळून दाखवावा लागतो आणि त्यावर ढॅण्-ढॅण् असे संगीत वाजवावे लागते. माझ्या पाहण्यातील कित्येक नव्या कथा याच सवयीने लिहिलेल्या असतात. त्या वाचताना सर्वांचे चेहरे दिसतात, पण आपण स्वतः कोणाच्या शेजारी उभे आहोत ते मात्र कळत नाही.

मग निवडायचे कसे?

ज्याचे सर्वात अधिक गमावणार आहे, त्याची जागा बहुधा योग्य ठरते. पण ज्याला सर्व ठाऊक आहे त्याच्याकडून एखादी गोष्ट लपवून ठेवायची असेल, तर त्याची जागा टाळावी. वसुधेच्या डोक्यात शिरून, पाटल्यांविषयी तिला विचारच करू न देता, शेवटच्या ओळीत ‘तिने त्या मोडल्या होत्या’ असे सांगणे ही फसवणूक आहे, आणि धक्कातंत्राच्या मोहात ही फसवणूक फार होते. निवेदक खोटे बोलू शकतो, स्वतःची समजूत घालू शकतो. अशा बेभरवशाच्या निवेदकाची मजा काही और असते. परंतु मग त्याच्या बोलण्यातच चिरा दिसल्या पाहिजेत, म्हणजे दुसऱ्या वाचनात वाचकाला त्या सापडतील. मुख्य प्रसंगी ते पात्र तेथे हजर आहे का, हेही आधीच पाहून घ्यावे. नाहीतर दाराआडून ऐकणे, आकस्मिक हाती लागलेले पत्र आणि फोनवरील लांबलचक संभाषण यांचा आसरा घ्यावा लागतो.

निर्णय होत नसेल तर वाद घालत बसण्यापेक्षा कथेतील सर्वात अवघड प्रसंगाचे एक पान दोन वेगवेगळ्या पात्रांच्या जागेवरून लिहून काढावे. सुरुवातीचे पान घेऊ नये, ते कोणाकडूनही बरेच निघते. ज्या पानावर न ठरवलेला तपशील आपणहून येतो, ती जागा धरावी. सराफाच्या दुकानातील तांबड्या गुंजा नंदूच्या पानावरच येतील. वसुधेला त्या दुपारी त्या दिसणार नाहीत, कारण तिचे लक्ष काट्याच्या दुसऱ्या पारड्यात असेल.

स्पर्धेच्या दोन हजार शब्दांच्या कथेला एकच जागा पुरते. मोठ्या कथेत किंवा कादंबरीत जागा बदलायची असेल, तर ती नव्या प्रकरणात किंवा निदान एक ओळ मोकळी सोडून बदलावी, आणि नव्या भागाच्या पहिल्याच वाक्यात, नावाने किंवा ‘हे’, ‘माई’, ‘बाबा’ अशा नात्याच्या हाकेने, आता कोणाच्या शेजारी आहोत ते वाचकाला कळू द्यावे. तिसऱ्या वाक्यात ते कळले, तर वाचकाला पहिली दोन वाक्ये पुन्हा वाचावी लागतात.